गाडी लागते तसा गेम लागतो

गेल्या गणपतीत, दुसऱ्या दिवशी दुपारी, माझा मामेभाऊ आमच्या पडवीच्या पायरीवर बसून ओकला. मोदक जास्त झाले, असं आईने जाहीर केलं. खरं कारण मला, दादाला आणि दादाच्या मित्रालाच माहीत होतं. मामेभाऊ सात मिनिटं 'स्कायरिम' खेळला होता, तोही डोळ्यांवर हेडसेट बांधून, अंगठ्याने स्टिक पुढे ढकलत डोंगर उतरताना. दादाचा मित्र पुण्यात गेमसाठी थ्रीडी मॉडेल्स बनवण्याचं काम करतो. मूळचा पेणचा, त्यामुळे गणपतीला येतोच. या वेळी बॅगेत क्वेस्ट ३ आणि विटेएवढा जाड गेमिंग लॅपटॉप घेऊन आला होता. वडखळ नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून आमच्या घरी पोचला तेव्हा त्याच्यात पाणी मागण्याइतकीच ताकद उरली होती, पण हेडसेट मात्र त्याने आधी काढून दाखवला.

मामेभाऊ तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "मला अलिबागच्या एसटीत पण सेम असंच होतं."

त्याचं निदान अगदी बरोबर होतं. एसटीत मान खाली घालून मोबाइल बघत बसलं, की डोळे सांगतात आपण जागेवर आहोत आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय. हेडसेटमध्ये हेच उलटं होतं. डोळे धावतायत आणि कान म्हणतो, अरे तू पडवीत उभा आहेस. दोघांच्या भांडणात पोट फुकट मरतं. व्हीआर बनवणाऱ्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणून चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर टुणकन उडायची सोय असते, हळूहळू वळण्याऐवजी झटक्यात ठरावीक अंशांत वळता येतं, पळताना नजरेच्या कडा काळ्या करतात. टीव्हीवर सेकंदाला तीस चित्रांवर निभावून जाणारा गेम हेडसेटवर नव्वदच्या आसपास न्यावा लागतो, आणि तोही दोन डोळ्यांसाठी दोन वेगळ्या कोनांतून. एवढं करूनही काहींना गेम लागतो. गाडी लागते तसा.

यावरून आमचा वाद पेटला. मित्राचं म्हणणं साधं होतं. मोठ्या बजेटच्या प्रत्येक गेमला व्हीआर आवृत्ती हवीच. शहरं बांधून झालेली असतात, पानापानाचं मॉडेल तयार असतं, मग माणसाला आत का सोडू नये? त्याच्यासारखी माणसं महिनोन्महिने एका मंदिराच्या खांबावरची नक्षी करतात आणि खेळणारा त्या खांबाच्या बाजूने दोन सेकंदांत पळत जातो. त्याची ही तळमळ मला कळते. तरी मी नाही म्हणाले. आणि नाही म्हणताना माझ्या डोक्यात 'सॅन अँड्रियास' होता.

मी सातवीत होते तेव्हा दादा रविवारी मिनीडोरने पेणला जायचा. बाजारपेठेत एका गाळ्यात सायबर कॅफे होता, वीस रुपये तास. आईची अट होती की मलाही न्यायचं. ती पाच पोरं वर्गणी काढून एक मशीन घ्यायची, खुर्चीवर एक जण, बाकीचे मागे. खुर्ची मला कधीच मिळाली नाही. माझ्याकडे दुसरं काम होतं. दादाने चीट कोड वहीच्या पानावर लिहून ठेवले होते आणि ते पान माझ्या हातात असायचं. पोलीस मागे लागले, सीजेचं रक्त संपत आलं, की दादा ओरडायचा, "वाच!" आणि मी एकेक अक्षर वाचायचे, एच, ई, एस, ओ, वाय, ए, एम. 'हेसोयाम'. रक्त परत, चिलखत परत, वर अडीच लाख डॉलर. त्या गाळ्यातल्या सगळ्या पोरांना तो मंत्र पाठ होता, पण आणीबाणीत बोटं थरथरतात, वाचणारा लागतोच.

मी तो गेम माउसला हात न लावता खेळले. आणि खेळलेच, यात मला आजही शंका नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की सॅन अँड्रियासची व्हीआर आवृत्ती क्वेस्ट २ वर येतेय. दादाने कामावरून फोन केला होता, तेव्हाच्याच आवाजात. पुढे ना तारीख, ना एखादं दृश्य. ऑगस्ट २०२४ मध्ये कळलं, की काम अनिश्चित काळासाठी थांबवलंय. दादा हळहळला. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, आणि का ते नीट सांगता येईना. ते कारण या गणपतीत सापडलं.

सॅन अँड्रियास हा सीजेच्या अंगाचा गेम आहे. २००४ सालच्या त्या गेममध्ये त्याला बर्गर खाऊ घालत राहिलं की तो सुटतो, पळताना धापा टाकतो. जिममध्ये नेलं की दंड भरतात. त्याचे केस कापायचे, त्याला टॅटू काढायचे, चड्डी-बनियनवर मोटारसायकल चालवायला लावायचं. कॅमेरा त्याच्या पाठीमागे असतो म्हणून हे सगळं दिसतं. हेडसेट बांधला की कॅमेरा त्याच्या कवटीत जाणार. मग सीजे कुठे? दोन हात उरले हवेत तरंगणारे. जाडा झालेला सीजे आरशासमोर उभं राहिल्याशिवाय दिसणार नाही, आणि जिममध्ये घाम गाळणारा सीजे तर नाहीच, कारण तिथे तुम्हीच. ज्याच्यावर आख्खा गेम उभा आहे तो माणूसच गायब.

व्याकरणाच्या भाषेत सांगते. आम्ही गाळ्यात बोलायचो ते असं: "त्याला तिकडून ने", "मेला बघ तो", "गाडीतून उतरव त्याला". सीजे तृतीयपुरुषी होता, म्हणून तो सहा जणांचा होऊ शकला. खुर्चीवरच्याचा जितका, तितकाच मागे उभ्या असलेल्या मुलीचाही. व्हीआरमध्ये 'तो' संपतो आणि 'मी' सुरू होतो. पडवीत हेडसेट घालून प्रत्येक जण नेमकं हेच ओरडत होता: "मी पडलो", "माझ्या मागे कोण आहे", "मला मारला". मोठ्या गेमला व्हीआर आवृत्ती द्यायची का, या प्रश्नात माझ्यासाठी हाच प्रश्न दडलेला आहे. या गेमला 'तो'चा 'मी' झालेला चालेल का? बहुतेक मोठे गेम गेल्या वीस वर्षांत कुणातरी माणसाची गोष्ट सांगायला शिकले आहेत. त्याचा चेहरा दाखवत, त्याची पाठ दाखवत. त्यातला माणूस उपटून तिथे मला उभं केलं, तर मला जागा मिळते पण गोष्ट जाते.

पैशाचं बोलून टाकू, कारण मित्राच्या वादात ते सोयीस्करपणे मागे राहिलं होतं. स्टीमवर खेळणाऱ्यांत हेडसेटवाले शंभरात दोनच्या आसपास. असॅसिन्स क्रीडसारख्या नावाचा 'नेक्सस' नोव्हेंबर २०२३ मध्ये खास क्वेस्टसाठी आला, आणि दोनतीन महिन्यांत युबिसॉफ्टच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना सांगितलं की अपेक्षेइतका चालला नाही, व्हीआरमधली गुंतवणूक वाढवणार नाही. सोनीने आपला लंडन स्टुडिओ २०२४ मध्ये बंद केला, ज्याने 'ब्लड अँड ट्रुथ' बनवला होता. मोठी व्हीआर आवृत्ती बहुतेकदा तेव्हाच येते जेव्हा हेडसेट विकणारी कंपनी पैसे घालते. आमच्याकडच्या मंडळांसारखं आहे ते. स्पॉन्सर आहे तोवर कमान, लाइटिंग, डीजे. स्पॉन्सर गेला की पुढच्या वर्षी दोन ट्यूबलाइट. अशा पैशावर कुणाच्या आवडत्या गेमचं भविष्य टांगू नये.

पण पैसा आला तरी काम होतंच असं नाही. मामेभावाला लागला तो स्कायरिम घ्या. मूळ गेम २०११ चा. व्हीआर आवृत्ती नोव्हेंबर २०१७ मध्ये प्लेस्टेशनवर आणि पुढच्या एप्रिलमध्ये पीसीवर, नव्या गेमच्या पूर्ण किमतीला. पहिली पाच मिनिटं खरंच भारी आहेत. बर्फाच्छादित डोंगर डोंगराएवढा दिसतो, आणि मान वर करून बघायला लागणं हीच एक गंमत असते. मग टेबलावर सफरचंद दिसतं. तुम्ही हात पुढे करता. हात सफरचंदातून आरपार जातो. उचलायला बटण दाबायचं, माउसने दाबायचो तसंच. खाली बघितलं तर अंग नाही. तलवार फिरवली तर तिला वजन नाही, गवत झोडपल्यासारखी नुसती फिरवत राहायची आणि समोरचा मरतो. हाताने वस्तू धरता येणं, स्वतःचं धड आणि पाय दिसणं, हे सगळं नंतर मॉड बनवणाऱ्या हौशी लोकांनी फुकटात करून दिलं. कंपनीने गेम मोठा केला होता फक्त.

माझा एक मामा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आहे. तो म्हणतो, एक फुटाची मूर्ती तशीच्या तशी पाच फुटांची करता येत नाही. माप सगळं बरोबर आलं तरी खाली उभ्या असलेल्या माणसाला सोंड आणि पोट दिसतं, नजर मिळत नाही. मोठ्या मूर्तीची मान किंचित पुढे झुकवावी लागते, चेहरा थोडा मोठा धरावा लागतो, आणि डोळ्यांची आखणी करताना खालच्या माणसाला धरून करावी लागते. म्हणजे नवीच मूर्ती. बघणारा कुठे उभा आहे ते बदललं की सगळं बदललं. मित्र स्वतः मॉडेल करतो, त्यामुळे हे त्याला माझ्यापेक्षा लवकर पटलं. त्याने गप्पपणे स्कायरिम बंद केला आणि 'रेसिडेंट ईव्हिल ४' लावला.

इथे मला माघार घ्यावी लागली. मूळ गेम २००५ चा. कॅमेरा लिऑनच्या खांद्यामागे. त्यात एक जालीम नियम होता, बंदूक रोखली की पाय जमिनीला खिळतात. चालायचं किंवा मारायचं, दोन्ही नाही. गावकरी कोयते घेऊन सावकाश येतायत आणि तुम्ही हलू शकत नाही, यातच त्याची भीती होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये आर्मेचर स्टुडिओने क्वेस्टसाठी तो प्रथमपुरुषी केला तेव्हा हा नियम मोडावा लागला. व्हीआरमध्ये हात रोखलेला असताना माणूस चालणारच. कागदावर बघितलं तर गेमचा कणाच काढला. पण त्यांनी त्या बदल्यात दुसरं काहीतरी दिलं. पिस्तूल कमरेवरून काढायचं, रिकामं मॅगझीन पाडायचं, नवीन कमरेपाशी चाचपून काढायचं, खालून बसवायचं, वरचा खटका ओढायचा. सुरी छातीवर. आणि हे सगळं तो कोयतेवाला तीन हातांवर आलेला असताना. मी मॅगझीन दोनदा हातातून सोडलं. दादा मागून ओरडला, "भर की गं!" पायांतली भीती काढून त्यांनी बोटांत आणून ठेवली. जुन्या गेममध्ये जे काम एक बटण करत होतं तिथे आता माझी घाबरट बोटं होती. जे गमावलं त्याची भरपाई करणारी अशी आवृत्ती असेल, तर खुशाल बनवा. गोष्ट पुढे न्यायची वेळ आली की मात्र गेम गपचूप एक सपाट पडदा समोर धरतो आणि लिऑनला त्यावर दाखवतो. तिथे त्यालाही 'तो' लागतोच.

'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' (मार्च २०२०) मुळातच हेडसेटसाठी जन्मला, त्यामुळे तो या वादात साक्षीदार म्हणूनच बोलवावा. त्यात जेफ नावाचं एक आंधळं, आवाजावर धावणारं भूत आहे. त्याच्या आसपास हवेत बुरशीची धूळ, आणि धुळीने ठसका येतो. ठसका दाबायला खरा हात उचलून तोंडावर धरायचा. एका हाताने दार उघडायचं, दुसरा तोंडावर. २०२३ मध्ये काही हौशींनी हाच गेम हेडसेटशिवाय खेळता येईल असा मॉड काढला. गेम चालतो, पण तोंडावर हात ठेवणं तिथे एक बटण होऊन बसतं. सपाट गेम खोल करताना काही मरतं, तसं खोल गेम सपाट करतानाही मरतं.

रात्री आरतीनंतर मित्राने हुकमाचं पान काढलं. 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा, २०२० चा, त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालेला. मोठ्या बजेटचा तो नाही, पण आपल्याकडच्या पोरांनी छाती फुगवावी असा आहे. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधत निघालेली एक मुलगी. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतींवर पुराणकथांची चित्रं. "इथे तुला उभं राहावंसं वाटत नाही?" मित्राने विचारलं. वाटतं. खोटं कशाला बोलू? पण राजीचा कॅमेरा लांब आणि उंच ठेवलेला आहे, आणि त्या प्रचंड गच्च्यांवर ती पोर मुंगीएवढी दिसते. तिचं लहान असणं मला तिच्या डोळ्यांतून कसं कळणार? तिच्या डोळ्यांतून फक्त महाल मोठे दिसतील.

यावर त्याने 'हेलब्लेड'चं उदाहरण दिलं, आणि ते खरोखर चांगलं होतं. त्याच्या २०१८ च्या व्हीआर आवृत्तीत कॅमेरा सेनुआच्या डोक्यात शिरत नाही, तो तिच्या मागेच राहतो. तुम्ही तिच्या जवळ असता, ती मात्र तीच राहते. सोबत चालल्यासारखं. राजीचं असं काही झालं तर मी पहिल्या दिवशी घेईन, हे मी कबूल केलं. बाकीच्या गेमना कंपन्यांनी जबरदस्तीने व्हीआर चिकटवू नये, हेही त्याला कबूल करायला लावलं.

राहिले हौशी लोक. २०२४ पासून एक फुकट साधन आहे, ते अनरियल इंजिनवरचे बरेचसे गेम हेडसेटमध्ये उघडून देतं. कुठे जमतं, कुठे अर्धवट. ते अर्धवट असलं तरी फसवणूक नाही, कारण कुणी पूर्ण किंमत मागितलेली नसते. जीटीए ५ चा व्हीआर मॉडही एका मॉडरने बनवला होता. तो वर्गणीदारांना देत असे. २०२२ मध्ये टेक-टूने कायद्याचा बडगा दाखवून तो काढायला लावला. पैसे घेत होता म्हणून कंपनीची बाजू मला थोडी समजते. पण स्वतः आवृत्ती काढायची नाही आणि दुसऱ्याने खिडकी उघडली तर तीही लावून घ्यायची, हे काही बरं नाही. कंपन्यांकडून माझी मागणी इतकीच आहे. नको असेल तर व्हीआर करू नका, पण कडी आतून लावू नका.

वाद संपला असं मला वाटलं होतं. पाचव्या दिवशी, विसर्जनाच्या आधी, मित्राने बाबांना बसवलं.

बाबांनी सव्वीस वर्षं ट्रक चालवला, न्हावाशेवा ते गोवा. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून चालवत नाहीत. दुपारी वडखळ नाक्यावर जातात, चहा घेतात, अडकलेल्या गाड्या बघतात. मित्राने लावला तो 'युरो ट्रक सिम्युलेटर २', २०१२ चा. त्याच्या व्हीआरला बनवणाऱ्यांनी अजून प्रायोगिकच म्हटलेलं आहे. इंग्लंडमधलं काम निवडलं, म्हणजे गाडी आपल्यासारखीच डावीकडून आणि ड्रायव्हर उजव्या बाजूला. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, हेडसेट घातला आणि पहिल्यांदा डावीकडे मान वळवली. आरसा बघितला. मग उजवीकडचा. मग सीटमधून थोडं पुढे वाकून बंपरसमोर कुणी आहे का ते बघितलं. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांना गेम लागला नाही. बसलेल्या माणसाच्या जागी बसलेलाच माणूस होता, आणि त्याच्या जागी बाबाच होते, म्हणून असेल. इथे कुणी 'तो' नव्हता ज्याची मला काळजी वाटावी.

लॅपटॉपवर त्यांना दिसत होतं ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. आई, काका, मामेभाऊ, शेजारच्या दोन काकू, सगळे लॅपटॉपभोवती. बाबांना कंट्रोलर काही जमत नव्हता, स्टिअरिंग म्हणून ते तो आख्खाच फिरवत होते. मित्राने त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून गाडी रस्त्यावर आणली. पुढे एक छोटी गाडी मध्येच थांबली होती. बाबांचा हात सवयीने हवेत पुढे गेला आणि काहीच लागलं नाही.

"हॉर्न कुठंय रं?"

मी लॅपटॉपजवळ होते. मित्र म्हणाला, "एच दाब."

मी दाबला. बाबा हसले. "परत मार," म्हणाले, आणि रस्ता मोकळा होईपर्यंत मी एच दाबत राहिले.